फोनची रिंग डोळ्यांना दाखवणारं सर्किट

सोसायटीच्या गेटवर औषधांची पिशवी घेऊन मुलगा उभा असतो. वॉचमन इंटरकॉम लावतो. चौथ्या मजल्यावरच्या घरात फोन वाजतो आणि वाजून वाजून थांबतो. आजी घरातच असतात, फोनपासून चार हातांवर, पण त्यांना तो ऐकूच आलेला नसतो. कानाचं यंत्र दुपारी काढून ठेवलेलं असतं. शिवाय वयाबरोबर ऐकणं कमी होतं तेव्हा उंच पट्टीतले आवाज आधी जातात, आणि हल्लीच्या फोनची इलेक्ट्रॉनिक किणकिण नेमकी त्याच पट्टीतली असते.

अशा घरासाठी रिंग आली की ठळक दिवा लावणारं सर्किट या लेखात बनवू. ज्याला सोल्डरिंगची थोडी सवय आहे, त्याला ते एका रविवारी जमेल. पिठाची गिरणी, वर्कशॉप, छापखाना, म्हणजे जिथे यंत्रांच्या आवाजात फोन बुडून जातो, तिथेही ते तितकंच उपयोगी पडेल.

यात दोन गोष्टी कसोशीने सांभाळायच्या आहेत आणि पुढचा प्रत्येक पार्ट त्यांच्यासाठीच निवडला आहे. एक म्हणजे आपण लाईनवर आहोत हे लाईनला कळता कामा नये. दुसरी म्हणजे टेलिफोनची लाईन आणि आपला दिवा यांच्यात तारेचा एकही सांधा नसावा. रिंग ओळखणं सोपं आहे. कोणालाही त्रास न देता ओळखायची म्हणजे मात्र नीट विचार करावा लागतो.

सुरुवात आपल्याकडे फोन कोणता आहे, हे पाहण्यापासून करा. साधा दोन तारांचा फोन असेल, म्हणजे लँडलाईन, फायबरच्या डब्याला लावलेला फोन किंवा ईपीएबीएक्सवरचा, म्हणजे इमारतीतल्या छोट्या एक्स्चेंजवरचा, इंटरकॉम, तर हे सर्किट चालेल. नवीन इमारतींत इंटरकॉम कधी नेटवर्क केबलवर असतो, कधी व्हिडिओ डोअर फोनच्या पॅनेलवर, तर कधी नुसता मोबाईलमधल्या ॲपवर. तिथे या तारांवर रिंगचा व्होल्टेज येतच नाही, त्यामुळे हे सर्किट तिथे निरुपयोगी आहे. खात्री करायला मीटर डीसीवर, २०० व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि फोन खाली ठेवलेला असताना दोन तारांमध्ये मोजा. लँडलाईनवर ४८ च्या आसपास आकडा दिसेल. लहान ईपीएबीएक्सवर किंवा फायबरच्या डब्यावर तो बराच कमीही असू शकतो. आरजे११ प्लगच्या चार तारांच्या वायरीत कामाच्या असतात त्या मधल्या दोन, बहुतेक वेळा लाल आणि हिरवी.

फोन उचलला की लाईनमधून डीसी करंट वाहू लागतो. तेवढ्यावरून एक्स्चेंजला कळतं की माणसाने फोन उचलला आहे, आणि ते डायल टोन देतं. म्हणून फोन खाली असताना आपल्या सर्किटमधून डीसी वाहिला, तर एक्स्चेंजच्या दृष्टीने फोन कायमचा उचललेलाच राहील. थोडा जरी वाहिला तरी तो लाईनमधला लीकेज फॉल्ट धरला जाईल. पहिला नियम इथून येतो.

रिंग येते तेव्हा याच डीसीवर एसी चढवला जातो. आपल्याकडच्या एक्स्चेंजमधून तो साधारण ७५ व्होल्टचा आणि २५ हर्ट्झचा असतो. फ्रिक्वेन्सी इतकी कमी असण्याचं कारण जुनं आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी १८७८ मध्ये एक घंटा तयार केली. तिच्यातला टोला एसीच्या प्रत्येक फेरीत एकदा इकडे आणि एकदा तिकडे आपटत असे. लोखंडी टोला सेकंदाला पाच-पंचवीस वेळा हलू शकतो, हजार वेळा नाही. शिवाय हाताने फिरवायच्या मॅग्नेटोतून निघणारी वीजही तेवढ्याच फ्रिक्वेन्सीची होती. टोले गेले, मॅग्नेटो गेले, पण तो संथ एसी आजही तसाच येतो. त्याची लयही आपल्या ओळखीची आहे: ०.४ सेकंद वाजतो, ०.२ सेकंद थांबतो, पुन्हा ०.४ सेकंद वाजतो आणि मग २ सेकंद शांत राहतो. ही ट्रिंग-ट्रिंग लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

रिंगचा व्होल्टेज स्वतः मोजून पाहा, कारण फायबरच्या डब्यातून तो कमी, बहुधा ४५ ते ६५ व्होल्टच्या दरम्यान मिळतो आणि लहान ईपीएबीएक्समध्येही कमी-जास्त असतो. मोजताना एका गोष्टीने बरेच जण फसतात. आपण वापरतो तो स्वस्तातला पिवळा मीटर एसीच्या रेंजवर डीसीला अडवत नाही. लाईनवर काहीही वाजत नसताना तो एका बाजूने लावला की शंभराच्या वर आकडा दाखवतो आणि प्रोब उलटे केले की शून्य. दोन्ही खोटे. म्हणून एसीच्या रेंजवर डीसीला अडवणारा चांगला मीटर घ्या आणि मगच मोजा. मोबाईलवरून स्वतःलाच फोन लावा आणि मीटरकडे बघा. रिंगच्या लयीत आकडा उड्या मारेल. त्यातला मोठ्यात मोठा आकडा लिहून ठेवा. हे करताना तारांच्या उघड्या टोकांना हात लावू नका. ७५ व्होल्ट एसीचं शिखर १०६ व्होल्टचं असतं, त्यात खालचे ४८ मिळाले की दीडशेच्या वर जातं. ओल्या हाताला सणसणीत झटका बसतो.

आता लाईनच्या बाजूचं सर्किट. लाईनच्या एका तारेपासून निघा. पहिला १० किलोओहमचा, १ वॉटचा रेझिस्टर. त्यानंतर ०.४७ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा पॉलिएस्टर कपॅसिटर. त्याच्यावर ४७४ असा आकडा छापलेला असतो. त्यापुढे २४ व्होल्टचे दोन झेनर डायोड, १एन४७४९ नंबरचे, एकमेकांकडे तोंड करून, म्हणजे दोघांच्या पट्ट्या एकमेकांना भिडतील असे. त्यांच्यापुढे पीसी८१७ या ऑप्टोकपलरची १ नंबरची पिन. २ नंबरची पिन लाईनच्या दुसऱ्या तारेला. शेवटी १एन४१४८ डायोड, त्याची पट्टीची बाजू १ नंबरला आणि दुसरी २ नंबरला. लाईनची बाजू एवढीच. कोणती तार कुठे, याने इथे फरक पडत नाही.

यातला प्रत्येक पार्ट तिथे का आहे हे समजून घ्या, म्हणजे एखादा मिळाला नाही तर त्याच्या जागी काय चालेल हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

कपॅसिटर डीसी अडवतो, त्यामुळे फोन खाली असताना लाईनमधून काही वाहत नाही. तो इलेक्ट्रोलिटिक चालणार नाही, कारण इथे वीज दोन्ही दिशांनी येते. २५ हर्ट्झला ०.४७ मायक्रोफॅरडचा अडथळा साधारण १३.५ किलोओहम भरतो. त्याला १० किलोओहमची जोड दिली की एकूण १७ किलोओहमच्या आसपास, कारण असल्या जोडीत आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. ७५ व्होल्टला साडेचार मिलीअँपिअर, आणि झेनरमुळे त्याहूनही थोडा कमी करंट. पारंपरिक एका घंटेचा भार सुमारे ७ किलोओहम धरतात. आपला भार त्याच्या निम्म्याहूनही हलका आहे, म्हणून याच लाईनवरच्या बाकी फोनची रिंग मंदावत नाही. रेझिस्टर तापण्याच्या हिशेबाने अर्धा वॉटचाही पुरला असता. मी १ वॉट सांगतो आहे ते लाईनवर अचानक येणाऱ्या दणक्यांसाठी.

१एन४१४८ क्षुल्लक वाटतो आणि नवखा माणूस तोच गाळतो. ऑप्टोकपलरमधला एलईडी एकाच दिशेने वाहू देतो. उलट दिशेला वाट नसेल तर कपॅसिटर एका बाजूने भरून बसतो आणि पुढे काहीच वाहत नाही. शिवाय या एलईडीला ६ व्होल्टपेक्षा जास्त उलटा दाब सोसत नाही. हा डायोड उलट्या अर्ध्या फेरीला वाट करून देतो आणि दोन्ही प्रश्न मिटवतो. पीसी८१४ मिळाला तर डायोडची गरज नाही, कारण त्याच्या पोटातच दोन एलईडी उलटसुलट बसवलेले असतात.

झेनरच्या जोडीवर थोडं थांबू. अनेक सर्किटांत ती नसते, आणि मग तक्रारी सुरू होतात: फोन उचलला की दिवा लुकलुकतो, कोणी नंबर फिरवला की लुकलुकतो. पल्स डायलिंगचा फोन सेकंदाला दहा वेळा लाईन तोडतो आणि जोडतो, म्हणजे लाईनवर ४८ व्होल्टची उघडझाप होते. कपॅसिटरला ही उघडझाप एसीसारखीच दिसते. दोन झेनर समोरासमोर लावले की दोन्ही बाजूंना साधारण २४.७ व्होल्टचा उंबरठा तयार होतो, एकूण रुंदी ४९ व्होल्टच्या थोडी वर. ४८ व्होल्टची उघडझाप त्या रुंदीत मावून जाते आणि पलीकडे पोहोचत नाही. रिंग मात्र वरून खालपर्यंत दोनशे व्होल्टच्या वर झेपावते, तिला हा उंबरठा काहीच नाही. दुसरा फायदा मला त्याहून मोलाचा वाटतो. बोलण्याचा आवाज लाईनवर फार छोट्या व्होल्टेजने येतो आणि तो झेनरच्या अलीकडेच थांबतो. त्यामुळे कोणी बोलत असताना आपलं सर्किट जोडलेलं असूनही नसल्यासारखंच असतं. तुमच्याकडे रिंगच कमी व्होल्टेजची असेल, मीटरवर ५० च्या खाली आकडा आला असेल, तर २४ ऐवजी १२ व्होल्टचे, १एन४७४२ नंबरचे झेनर लावा.

दुसरा नियम सांभाळतो ऑप्टोकपलर. शेजारशेजारच्या दोन बंद खोल्यांमध्ये काचेची खिडकी असावी आणि एकाने बॅटरी चमकवून दुसऱ्याला खूण करावी, तसं त्याचं काम चालतं. अलीकडे एलईडी, पलीकडे उजेड पडला की चालू होणारा ट्रान्झिस्टर, मधे फक्त पारदर्शक इन्सुलेशन. पीसी८१७ ची ही भिंत ५००० व्होल्ट सोसते. हा पार्ट चार पायांचा, स्वस्त आणि सहज मिळणारा आहे. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात विचारा. जुन्या पुस्तकांतल्या सर्किटांत एमसीटी२ई दिसतो. तो इथे टाळा. एलईडीमधल्या करंटच्या मानाने त्याचा ट्रान्झिस्टर फार कमी करंट देतो आणि आपल्याकडे मुळात करंटच मोजका आहे. ४एन३५ चालेल, फक्त त्याचे पाय सहा आहेत: ४ नंबर एमिटर आणि ५ नंबर कलेक्टर.

आता दिव्याची बाजू, ५ व्होल्टवर चालणारी. मोबाईलचा चांगल्या कंपनीचा चार्जर वापरा. पीसी८१७ ची ३ नंबरची पिन, म्हणजे एमिटर, ग्राउंडला. ४ नंबरची, म्हणजे कलेक्टर, ४७ किलोओहममधून ५ व्होल्टला. याच ४ नंबरपासून ग्राउंडला २२ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, त्याची पॉझिटिव्ह बाजू ४ नंबरकडे. हाच बिंदू ५५५ टायमरच्या २ आणि ६ नंबरच्या एकत्र जोडलेल्या पिनांना द्या. ५५५ ची १ नंबर ग्राउंडला, ८ आणि ४ नंबर ५ व्होल्टला, ५ नंबरपासून ग्राउंडला ०.०१ मायक्रोफॅरड, आणि ५ व्होल्ट व ग्राउंडमध्ये ५५५ च्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरड. ७ नंबर मोकळी सोडा. ३ नंबरवर उत्तर मिळतं.

५५५ इथे टायमरचं काम करत नाही, तो निवाडा करतो. त्याच्याकडे येणारा व्होल्टेज पुरवठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेला की ३ नंबर चढते, आणि दोन तृतीयांशाच्या वर गेला की उतरते. मधल्या पट्ट्यात तो आधीच्या निर्णयावर ठाम राहतो, म्हणून दिवा फडफडत नाही. शांत असताना २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो. रिंग आली की ऑप्टोकपलर दर ४० मिलिसेकंदांनी त्यातला थोडा थोडा चार्ज काढून घेतो आणि काही फेऱ्यांतच व्होल्टेज १.६७ च्या खाली जातो. एखादा सुटा धक्का, समजा कोणी हँडसेट उचलला किंवा लाईनची पोलॅरिटी उलटली, तर त्याने एकदाच थोडा चार्ज निघतो आणि तेवढ्याने खालचा टप्पा गाठला जात नाही. पूर्वी पीसीओच्या बिलिंग मशीनला समोरच्याने फोन उचलल्याचं कळायचं, ते पोलॅरिटीच्या अशाच उलटण्यावरून.

आता ती लय आठवा. ४७ किलोओहम आणि २२ मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने जवळजवळ १ सेकंदाचा काळ मिळतो. दोन ट्रिंगमधल्या ०.२ सेकंदांत कपॅसिटर पुन्हा एक व्होल्टपर्यंतसुद्धा भरत नाही, त्यामुळे ट्रिंग-ट्रिंग मिळून दिवा एकदाच लागतो. नंतरच्या २ सेकंदांच्या शांततेत साधारण सव्वा सेकंदाच्या आत तो दोन तृतीयांशावर पोहोचतो आणि दिवा विझतो. म्हणजे दोन सेकंद उजेड, एक सेकंद अंधार, पुन्हा उजेड. ही उघडझाप खोलीतल्या माणसाचं लक्ष नुसत्या जळत राहणाऱ्या दिव्यापेक्षा फार चांगलं वेधून घेते. मी हे आकडे त्यासाठीच निवडले आहेत. ते बदलून दिवा सलग ठेवण्याच्या मोहात पडू नका. बऱ्याच ईपीएबीएक्समध्ये आतल्या आणि बाहेरच्या कॉलची लय वेगळी ठेवलेली असते. तशी असेल तर काही दिवसांत घरच्यांना नुसत्या उघडझापेवरून गेटचा फोन ओळखता येईल.

३ नंबरच्या पिनवरून ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून बीसी३३७ ट्रान्झिस्टरच्या बेसला जा, एमिटर ग्राउंडला. कलेक्टरवर पांढरे ठळक एलईडी, प्रत्येकाला स्वतःचा १०० ओहमचा रेझिस्टर, दुसरं टोक ५ व्होल्टला. दहा एलईडी आरामात चालतील. रिले लावायचा असेल तर कॉइलच्या दोन टोकांमध्ये १एन४००७ उलटा लावायला विसरू नका. रिलेवर २३० व्होल्टचा बल्ब जोडायचं बहुतेकांच्या मनात येतं. माझा सल्ला, टाळा. खोलीभर लक्ष वेधायला दहा एलईडी पुरतात, आणि आजीच्या उशाशी लाईटची वायर नेण्याची जोखीम उगाच घ्यायची नाही.

जोडणी जनरल पर्पज बोर्डवर करा. ब्रेडबोर्डवर दिव्याची बाजू खुशाल जुळवून बघा, लाईनची बाजू मात्र नको, तिथल्या पट्ट्या फार जवळ असतात. बोर्डच्या मधोमध पीसी८१७ आडवा बसवा: १ आणि २ नंबर एका बाजूला, ३ आणि ४ दुसऱ्या बाजूला. त्याच्या पोटाखालून बोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायांच्या दोन रांगांमधली पट्टी पूर्ण मोकळी ठेवा. तिच्यावर तार नाही, सोल्डरचा थेंब नाही, फ्लक्सचा चिकटपणाही नाही. जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसून घ्या. मग मीटर सर्वांत मोठ्या ओहमच्या रेंजवर ठेवून लाईनची प्रत्येक तार दिव्याच्या ग्राउंडशी आणि ५ व्होल्टशी तपासा. मीटरने कुठेही हालचाल दाखवता कामा नये. दाखवली तर जोडलेलं काढा आणि पुन्हा करा. इथे चालढकल नको.

लाईनला लावण्याआधी टेबलावर चाचणी घ्या. १२-०-१२ च्या ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या दोन तारांवर २४ व्होल्ट एसी मिळतो. झेनरच्या जोडीवरून तात्पुरती तार टाका आणि हे २४ व्होल्ट लाईनच्या जागी द्या. ५० हर्ट्झला कपॅसिटरचा अडथळा निम्मा होतो, त्यामुळे कमी व्होल्टेज असूनही सुमारे २ मिलीअँपिअर वाहतो. दिवा लगेच लागला पाहिजे आणि एसी काढल्यावर साधारण सेकंदाभराने विझला पाहिजे. चार्जर लावताच दिवा आपण होऊन एकदा लागून विझेल. ते बिघाडाचं लक्षण समजू नका. २२ मायक्रोफॅरड रिकामा असतो म्हणून तसं होतं आणि दिवा शाबूत असल्याची ती आयती खूण आहे. झेनरवरची तार काढायला मात्र विसरू नका.

मग लाईन. जोडण्याआधीचा डीसी मोजा, जोडल्यावर पुन्हा मोजा, आकडा तोच हवा. फोन उचलून डायल टोन ऐका, कोणाशी तरी दोन मिनिटं बोला, आवाजात खरखर नको. त्यानंतर मोबाईलवरून फोन लावा, किंवा वॉचमनला इंटरकॉम करायला सांगा. लाईन काढल्यावर पॉलिएस्टर कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून बोर्डला हात लावण्याआधी त्याची दोन टोकं एखाद्या रेझिस्टरने क्षणभर जोडा.

परवानगीबद्दल. टेलिफोन कंपनीच्या तांब्याच्या जोडीवर घरी बनवलेलं उपकरण लावण्याआधी कंपनीला विचारा, आणि सोसायटीचा इंटरकॉम असेल तर सेक्रेटरींना आणि ईपीएबीएक्सची देखभाल करणाऱ्याला. आपल्याच फायबरच्या डब्याच्या फोन पोर्टवर काम करणं त्या मानाने निर्धोक, कारण काही चुकलं तर ते आपल्या घरापुरतं राहतं. तांब्याच्या त्याच लाईनवर ब्रॉडबँड असेल तर आपलं सर्किट स्प्लिटरच्या फोनच्या बाजूला लावा.

विजांच्या दिवसांत जास्त सावध राहावं लागतं. कोकणात किंवा माळावरच्या सुट्या घरांत खांबावरून उघडी लाईन येत असेल, तर वळवाच्या पावसात तिच्यावर येणारा दणका हे पार्ट एका क्षणात जाळू शकतो. लाईनच्या दोन तारांमध्ये, १० किलोओहमच्या अलीकडे, २७० व्होल्टचा व्हॅरिस्टर लावा. त्याने जवळपास पडलेल्या विजेपासून काही प्रमाणात बचाव होतो, थेट पडलेल्या विजेपासून नाही. म्हणून लाईन आरजे११ च्या प्लगनेच जोडा, कायमची पिळून नको, म्हणजे ढग गडगडू लागले की प्लग ओढून काढता येईल. गडगडत असताना या बोर्डवर कामाला बसूच नका.

सगळं प्लॅस्टिकच्या डबीत बंद करा आणि लाईनची व चार्जरची वायर समोरासमोरच्या भोकांतून आत घ्या. दिवा मात्र डबीवर नको. आजी दिवसभर जिथे पाहत असतात तिथे तो हवा, बहुतेक घरांत टीव्हीच्या वर. दोन तारांनी तो पाच-सहा मीटर लांब सहज नेता येतो. स्वयंपाकघरात दुसरा दिवा हवा असेल तर त्याच बीसी३३७ वर आणखी एलईडी जोडा. झोपेतही कळावं असं वाटत असेल तर जुन्या मोबाईलमधली व्हायब्रेटरची मोटर उशीखाली ठेवता येते. ती साधारण ३ व्होल्टची असते, तिला सिरीजमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर आणि उलटा डायोड लागेल. ज्यांना अर्डुइनो येतो त्यांनी ३ नंबरची पिन त्याच्या डिजिटल पिनला द्यावी. दर ट्रिंग-ट्रिंगला एक स्वच्छ पल्स मिळतो, त्यामुळे घरी कोणी नसताना किती वेळा फोन वाजला, हे मोजणं चार ओळींच्या प्रोग्रॅमचं काम आहे. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डला ही पिन थेट देऊ नका. ५५५ गाळा, ४७ किलोओहम ५ ऐवजी ३.३ व्होल्टला लावा आणि ऑप्टोकपलरचा कलेक्टर सरळ वाचा. तिथे रिंग आली की पिन उतरते, हे प्रोग्रॅममध्ये लक्षात ठेवा.

एवढं करूनही दिवा लागला नाही, तर आधी १एन४१४८ ची दिशा बघा. तो उलटा लागला असेल तर सगळा करंट त्याच्यातूनच जातो आणि एलईडीला काहीच मिळत नाही. ती बरोबर असेल तर ५५५ च्या २ नंबरवर मीटर लावा. शांत असताना ५ व्होल्ट आणि रिंगच्या वेळी उतरण दिसली, तर दोष ५५५ च्या पुढे आहे. आकडा ढिम्म हलला नाही, तर तो लाईनच्या बाजूला आहे. थोडा उतरून अर्ध्यात अडकला, तर तुमच्याकडची रिंग कमी व्होल्टेजची आहे: १२ व्होल्टचे झेनर लावा, आणि तेही पुरले नाहीत तर ०.४७ च्या जागी १ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचाच कपॅसिटर.